फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो

भिवापूर तालुका मिरचीचा, आणि त्याच्या अंगाला 2012 साली घोषित झालेले उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. इथल्या बोलेरो, थार, जिप्सी डांबर सोडून पांदण रस्त्यावर रोजच उतरतात, आणि त्यांना जादा दिवे, मोठा हॉर्न, चार्जर हे सगळे मागाहून बसवले जाते. आज पाहायचा आहे तो तारेचा बॅटरीपासूनचा पहिला वीतभर तुकडा, कारण माझ्या मते साऱ्या वायरिंगचा कस तिथेच लागतो.

बहुतेक गाड्यांत जादा दिव्याचा फ्यूज डॅशबोर्डखाली, स्विचजवळ सापडतो. हाताशी असतो म्हणून तो सोयीचा वाटतो. पण बॅटरीपासून तिथवर येणारी तार बॉनेटमधून केबिनमध्ये शिरते ती पत्र्याच्या भोकातून. तिथे रबरी ग्रोमेट नसेल, तर खडबडीत वाटेवरच्या प्रत्येक हिसक्याला पत्र्याची धार तारेचे आवरण कापत जाते. एक दिवस उघडे तांबे बॉडीला टेकते. तेव्हा करंट दिव्यातून जात नाही, स्विचमधून जात नाही आणि त्या फ्यूजमधूनही जात नाही. बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देऊ शकते. बारीक तार लाल होते, शेजारच्या तारांचे आवरण वितळते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला जितका जवळ लावता येईल तितका लावायचा. त्याच्या अलीकडची तार उघड्यावरच असते.

‘दिवे एलईडीचे आहेत, करंट कितीसा घेणार?’ असे हमखास विचारले जाते. दिवा चालू असताना किती घेतो, हे खरेच महत्त्वाचे. पण शॉर्ट झाल्यावर किती वाहायचे हे दिवा ठरवत नाही, बॅटरी ठरवते. दुसरे म्हणणे असे, की फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा घातला. हे मात्र अजिबात करू नये, कारण फ्यूजचा आकडा तारेच्या जाडीवर ठरतो. 55 वॅटचे दोन हॅलोजन धरा: 12 व्होल्टवर 9 अँपिअरच्या आसपास. एक चौरस मिलिमीटरची पाच मीटर तार वापरली, तर पाऊण व्होल्टहून अधिक वाटेतच जातो आणि उजेड सुमारे पाचव्या हिश्शाने घटतो. अडीचची तार आणि 15 चा फ्यूज घेतला, की उजेडही राहतो, तारही सुरक्षित राहते.

‘टेप गुंडाळून वर्षानुवर्षे चालते’ हेही ऐकू येते. केबिनच्या आत चालत असेल. बॉनेटखाली, विदर्भातल्या मे महिन्यात, टेपचा गोंद सुटतो, त्यावर धूळ बसते आणि पहिल्याच पावसात जोड हिरवा पडतो. तिथे नीट दाबलेले थिंबल, त्यावर हीटश्रिंक स्लीव्ह आणि तारेवर लवचीक नळी हवी. अर्थिंगही तसेच: बोल्टखालचा रंग खरवडून चकचकीत पत्र्याला लावावा आणि जोडावर ग्रीस चोपडावे, नाहीतर नव्या दिव्यांचा उजेड मंद दिसतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीवर येतो.