कांद्याचा भाव आणि महागाईभत्ता

२७ फेब्रुवारी २०२३ रोजी लासलगावच्या बाजार समितीत कांदा उत्पादकांनी लिलाव बंद पाडला. त्या दिवशी क्विंटलला कमीत कमी दोनशे, जास्तीत जास्त आठशे आणि सरासरी चारशे ते साडेचारशे रुपये भाव निघाला होता. किलोला चार-साडेचार रुपये. त्यातून काढणीची मजुरी आणि ट्रॅक्टरचे भाडे वजा जाता काय उरते, हे समजण्यास अर्थशास्त्राचे शिक्षण लागत नाही. पंधरवड्यानंतर, १२ मार्चला, याच जिल्ह्यातील दिंडोरीहून शेतकऱ्यांचा मोर्चा पायी मुंबईकडे निघाला. कांद्याला क्विंटलमागे सहाशे रुपये अनुदान मिळावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मोर्चा वाटेत असतानाच, १४ मार्चपासून, राज्य सरकारी कर्मचारी व शिक्षक यांचा संप सुरू झाला. त्यांची मागणी जुन्या निवृत्तिवेतनाची होती.

एकाच आठवड्यात महाराष्ट्रासमोर आलेल्या या दोन आंदोलनांकडे एकत्रितपणे फारसे कोणी पाहिले नाही. मोर्चेकऱ्यांनी मात्र आपल्या मागण्यांच्या यादीत कर्मचाऱ्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनाचाही समावेश केला होता. संपाचा सारा भर निवृत्तिवेतनावर होता. मोर्चा १८ मार्चला वाशिंद येथे थांबला, संप २० मार्चला मिटला. कांद्याला क्विंटलमागे साडेतीनशे रुपये, तेही एका शेतकऱ्यास दोनशे क्विंटलपर्यंत, असे अनुदान ठरले.

मध्यमवर्ग आणि उत्पन्नातील विषमता यांचा संबंध नेमका कोठे येतो, हे पाहावयाचे तर मुंबई-पुण्यापेक्षा लासलगाव अधिक सोयीचे ठिकाण आहे. आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून या गावाची ओळख आहे. निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांतील कांदा येथे येतो आणि त्याच तालुक्यांतील शिक्षक, तलाठी, बँकेतील कारकून यांची घरेही याच परिसरात आहेत. दोन्ही बाजू पुष्कळदा एकाच घरात नांदतात. थोरला भाऊ शेती करतो, धाकटा शाळेत शिकवतो. कांदा पडला की धाकट्याच्या पगारातून सोसायटीचा हप्ता भरला जातो. ज्या घरात असा पगार येतच नाही, त्या घराचे काय होते, हा या भागातील विषमतेचा खरा प्रश्न आहे. किती एकर जमीन आहे, यापेक्षा घरात एखादा कायम नोकरीवाला आहे की नाही, यावरून आज गावातील घराची ऐपत अधिक अचूकपणे सांगता येते.

याचे कारण दोन उत्पन्नांच्या घडणीत आहे. नोकरदाराचे वेतन महागाईच्या निर्देशांकाशी बांधलेले असते. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकानुसार केंद्र सरकार दर जानेवारी आणि जुलैपासून महागाईभत्त्याचा दर ठरविते आणि राज्ये थोड्याफार विलंबाने त्याच वाटेने जातात. कांदा महागला, तर त्याचा काही अंश या मार्गाने भरून निघतो. कांदा स्वस्त झाला म्हणून कोणाचा भत्ता परत घेतल्याचे ऐकिवात नाही. हे संरक्षण कर्मचाऱ्यांना कोणी दान म्हणून दिलेले नाही. महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांनी १९७७ मध्ये केंद्राप्रमाणे महागाईभत्ता मिळावा म्हणून ५४ दिवसांचा संप केला होता. लढून मिळविलेल्या हक्काबद्दल कोणाला खंत वाटण्याचे कारण नाही. पण त्या हक्काची दुसरी बाजू पाहावीच लागते.

शेतकऱ्याच्या उत्पन्नाला असा कोणताही निर्देशांक नाही. उलट निर्देशांक वर जाऊ नये म्हणून त्याचा भाव खाली आणला जातो. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार सुमारे ०.६४ टक्के होता. एवढ्या भारासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यातबंदी आली, व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा आली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागले आणि डिसेंबरमध्ये निर्यात सर्वस्वी थांबली. ती लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, मे २०२४ मध्ये, शुल्क व किमान निर्यातमूल्य यांसह उघडली, आणि शेवटचे शुल्क उठण्यास १ एप्रिल २०२५ उजाडला. भाव कोसळतो तेव्हा अशी तत्परता दिसत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये निफाडच्या बाजारात ७५० किलो कांद्याचे १,०६४ रुपये हाती आलेल्या एका शेतकऱ्याने ती रक्कम मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिली. त्या घटनेची बातमी झाली, धोरण झाले नाही.

हे सारे गरिबांसाठी केले जाते, असे सांगण्यात येते. येथे ‘मध्यमवर्ग’ या शब्दाचा थोडा हिशेब मांडणे भाग आहे. नितीन भारती, लुकास शान्सेल, टॉमस पिकेटी आणि अनमोल सोमंची या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये भारतातील विषमतेचा शंभर वर्षांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२-२३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नातील २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्का प्रौढांकडे जात होता आणि खालच्या निम्म्या लोकांच्या वाट्याला १५ टक्के येत होते. या आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. त्याच आढाव्यातील दुसरा आकडा मात्र सुशिक्षितांनी सोयीस्करपणे नजरेआड केला. वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार रुपये मिळविणारा माणूस देशातील वरच्या दहा टक्क्यांत गणला जात होता. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगाने ठरविलेले किमान मूळ वेतन दरमहा १८,००० रुपये. त्यावर जुलै २०२२ पासूनचा ३८ टक्के भत्ता धरला, तर वर्षाचे २ लाख ९८ हजार होतात. म्हणजे केंद्रीय सेवेतील अगदी खालच्या पायरीवरचा नवा कर्मचारीही या हिशेबाने वरच्या दशांशात बसतो.

असले अंदाज वादातीत नसतात, आणि एकाच्या पगारावर पाच माणसे पोसणारा शिपाई स्वतःला श्रीमंत समजणार नाही, ते योग्यच आहे. वरच्या एक टक्क्याची पायरी वर्षाला सुमारे २१ लाखांपासून सुरू होत होती. तिच्याकडे पाहणाऱ्या कारकुनाला आपण मागे पडलो असे वाटते, त्यात नवल नाही. परंतु तो खालीही पाहत नाही, ही अडचण आहे. २०१८-१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये आढळले. त्यात पिकांपासूनचे ३,७९८ आणि मजुरी-वेतनाचे ४,०६३ रुपये होते. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतीपेक्षा मजुरी आणि नोकरीतून अधिक मिळत होते. याच शेतकऱ्याने कांद्याचा भाव सोडून द्यावा आणि त्यातून वरच्या दशांशातील ग्राहकाचा खर्च वाचावा, याला गरिबांची कणव म्हणणे कठीण आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखविले की, ग्राहकाने कांद्यासाठी दिलेल्या रुपयातील सुमारे ३६ पैसेच शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. उरलेल्या ६४ पैशांवर निर्यातबंदीचा इलाज चालत नाही.

हे दुखणे केवळ आपले नाही. मायकेल लिप्टन यांनी १९७७ मध्ये विकसनशील देशांतील ‘शहरी पक्षपाता’ची मीमांसा केली. आफ्रिकेतील नवस्वतंत्र देशांनी शहरातील नोकरदारांचा असंतोष टाळण्यासाठी शेतमालाचे भाव कसे दाबून ठेवले, हे रॉबर्ट बेट्स यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. जपानने मात्र १९६० नंतर उत्पादकाला तांदळाचा चढा भाव देऊन खेडे आणि शहर यांच्या उत्पन्नातील अंतर मिटविले. त्यासाठी सरकारी तिजोरीला मोठी झळ सोसावी लागली, पण ती झळ करदात्यांवर उघडपणे पडली.

आपल्याकडे हाच विचार शरद जोशी यांनी ‘भारत’ विरुद्ध ‘इंडिया’ या शब्दांत मांडला. भारतीय टपाल सेवेतून पुढे बर्न येथील आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत गेलेल्या आणि ती नोकरी सोडून आलेल्या या माणसाला नोकरदारांचे जग चांगले ठाऊक होते. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस आणि कांद्यासाठी नाशिक जिल्ह्यातील रस्ते व रेल्वे अडल्या, तेव्हा निफाड तालुक्यातील खेरवाडी येथे पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या आंदोलनाचे ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद आहे. तथापि दोन देशांची ही मांडणी लासलगावला पुरत नाही. येथल्या खळ्यांवर दिवसभर कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, हमाल, सालगडी यांना ‘भारता’त घातले, तरी त्यांच्या मजुरीचे भांडण बहुधा त्याच भारतातील माणसाशी असते. भाव बरा असला तर मजुरी वाढवून मागता येते, भाव पडला की काढणीच थांबते आणि कामच नाहीसे होते. म्हणून स्वस्त कांद्याने या मजुराचे कल्याण होते, असे सरसकट म्हणता येत नाही.

खुद्द मध्यमवर्गही एकसंध राहिलेला नाही. शेजारशेजारच्या वर्गांत शिकविणाऱ्या दोघांपैकी एकाला पूर्ण वेतनश्रेणी आणि भत्ता असतो, तर दुसरा शिक्षणसेवक म्हणून मानधनावर असतो. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे सहा हजारांचे मानधन सोळा हजार होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकाला तर मे महिन्याचे वेतन म्हणजे काय, हे ठाऊकच नसते. या माणसाला कांद्याचा चढा भाव खरोखरच सोसत नाही, कारण त्याच्यामागे निर्देशांक उभा नाही. शहरातील बांधकाम मजूर आणि घरकाम करणारी बाई यांचेही तसेच. त्यांना मदत हवी, यात वाद नाही. वाद एवढाच आहे की, तिचा खर्च कोणी उचलावा. निर्यात रोखली की तो खर्च चांदवड-येवल्याच्या शेतकऱ्यावर पडतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिला जात नाही.

महाराष्ट्राने एकदा निराळा मार्ग चोखाळला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आकाराला आली. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षक, कारकून, वकील, डॉक्टर यांच्या मिळकतीतून थोडी रक्कम घ्यावी आणि खेड्यातील बेकार मजुराला हक्काचे काम द्यावे, अशी ती व्यवस्था होती. मध्यमवर्गाने कुरकुर केली असेल, पण त्याने ती स्वीकारली. केंद्राच्या २००५ च्या रोजगार हमी कायद्याला याच योजनेचा नमुना मिळाला. स्वस्त कांद्याची गरज ज्यांना खरोखर आहे, त्यांना तो देण्याचा खर्चही असाच उघडपणे, पगाराच्या चिठ्ठीतून वसूल होऊ शकला असता.

ती कपात आजही त्या चिठ्ठीत आहे: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. याहून अधिक व्यवसाय कर कोणत्याही राज्याला घेता येत नाही. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा अडीचशे रुपयांवरून अडीच हजारांवर नेली. त्यानंतर तीन वेतन आयोग आले, महागाईभत्त्याचा दर वर्षातून दोनदा तपासला गेला. ही रक्कम १९८८ मध्ये होती तेवढीच आहे.