शिल्लक श्रवणाचे जतन

बहिरेपण म्हणजे संपूर्ण निःशब्दता, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक कर्णबधिरांना ढोलाचा ठोका किंवा मेघगर्जना जाणवते. बोलण्यातील ‘स’, ‘श’ यांसारखे वर्ण मात्र निसटतात. याचे कारण अंतर्कर्णातील कर्णावर्ताच्या रचनेत आहे. शंखाप्रमाणे सुमारे अडीच वेढे असलेल्या या नळीच्या मुखाशी उच्च स्वर, तर टोकाशी खर्जातील स्वर ग्रहण केले जातात. हे कार्य करणाऱ्या रोमपेशी एकदा नष्ट झाल्या, की मनुष्यात पुन्हा निर्माण होत नाहीत.

कॉक्लिअर इम्प्लांटच्या शस्त्रक्रियेत याच नाजूक नळीत इलेक्ट्रोडची बारीक तार सरकवतात. ती श्रवणाच्या चेतातंतूंना थेट विद्युत्-संदेश देते. या प्रयत्नात उरलेले नैसर्गिक श्रवण जाणारच, असे पूर्वी गृहीत धरले जाई. १९९३ साली जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट लेनहार्ट यांनी ‘मृदू शस्त्रक्रिये’चे तंत्र मांडले. पुढे तार अधिक लवचीक झाली, ती अतिशय सावकाश सरकवली जाऊ लागली. सूज रोखण्यासाठी स्टेरॉइडही देण्यात येऊ लागले.

एवढा खटाटोप कशासाठी? इम्प्लांटमुळे शब्द कळतात. परंतु गाण्याची सुरावट आणि गोंगाटातील ओळखीचा आवाज टिपण्यास खर्जाचे नैसर्गिक श्रवण फार उपयोगी पडते. ते टिकल्यास त्याच कानात श्रवणयंत्राचीही जोड देता येते.

जतनाची हमी मात्र कोणीही देऊ शकत नाही. काहींचे श्रवण टिकते आणि काही महिन्यांनी ओसरते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीचा श्रवण-आलेख जपून ठेवावा. पुढील चाचण्या त्याच्याशी ताडून पाहता येतात.