शाबासमधला 'आबा'

सिनेमातले संवाद ऐकवणाऱ्या, टीव्हीखालच्या माझ्या सेंटर स्पीकरच्या पाठीवर तारा जोडायच्या टर्मिनलच्या दोन जोड्या आहेत. पितळी पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. एका दुपारी ॲम्प्लिफायर बंद करून मी त्या पट्ट्या काढल्या, तार फक्त वरच्या जोडीला ठेवली आणि सिनेमातला एक 'शाबास!' ऐकला. कानावर आलं ते एवढंच: 'श्श... स्स'. बोलणारा माणूसच नाही! मग तार खालच्या जोडीला लावली. आता माणूस आला, पण तोंडावर उशी धरल्यासारखा, आणि तो जवळजवळ 'आबा' म्हणत होता.

पट्ट्या परत बसवल्या. 'शाबास!' एक माणूस, एक तोंड, एक शब्द. सांधा शोधूनही सापडेना.

आपल्या बोलण्यातले स्वर आणि व्यंजनं वेगवेगळ्या उंचीवर राहतात. 'आ'ला 'आ'पण देणारा नाद मुख्यतः काहीशे ते दोन-अडीच हजार हर्ट्झपर्यंतचा. 'स'ची शीळ मात्र बरीचशी चार हजारांच्या वर. माझ्या स्पीकरची वाटणी २५०० हर्ट्झच्या आसपास आहे: खालचं मोठ्या पडद्याच्या वूफरकडे, वरचं छोट्या घुमटाच्या ट्वीटरकडे. 'चार चाकं' म्हणून बघा. अक्षर तेच, पण 'चार'मधला च वेगळा आणि 'चाकं'मधला वेगळा. हा फरक बराचसा त्या वरच्या पट्टीत असतो, म्हणजे तो २५ मिलिमीटरच्या एका इवल्या घुमटाच्या हाती सोपवलेला असतो.

एकाच पडद्याने सगळं का करू नये? कारण एक सप्तक खाली उतरलं, की तेवढाच मोठा आवाज काढायला पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. दोन सप्तकं उतरलं, की सोळापट. तो नाजूक घुमट यात टिकणारच नाही. उलट मोठा पडदा वर चढला, की त्याचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा अरुंद होत जातो, कारण १०,००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची असते.

वाटणी करतो तो क्रॉसओव्हर. त्यातली तांब्याची कॉइल भराभर बदलणाऱ्या प्रवाहाला अडवते, तर कपॅसिटर सावकाश बदलणाऱ्याला. पण वाटणी सुरीने कापल्यासारखी नसते. सीमेच्या दोन्ही बाजूंना थोडा भाग दोघेही मिळून गातात, आणि सगळं कौशल्य त्या भागातच आहे. हेवलेट-पॅकार्डमधले इंजिनियर झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी सहकारी रस रायली यांच्यासह सुचवलेली, १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मांडणी आजही वापरात आहे. तिच्यात नेमक्या सीमेवर दोघांचाही ध्वनिदाब निम्मा होतो आणि दोघांची कंपनं बरोबरीने पावलं टाकतात. निम्मा अधिक निम्मा, पुरा एक! ही बेरीज खोक्यात होत नाही, समोरच्या हवेत होते. त्यामुळे आपण कुठे बसतो, याला फार महत्त्व येतं.

सेंटर स्पीकर टीव्हीखाली मावावा म्हणून आडवा असतो. दोन टोकांना दोन वूफर, मध्ये ट्वीटर. समजा, वूफरमधलं अंतर ३० सेंटीमीटर आहे. १५०० हर्ट्झची लहर साधारण २३ सेंटीमीटरची. दहा फुटांवर, अगदी मध्ये बसलात तर दोन्ही वूफरचा आवाज एकदम पोचतो. तिथून चार फूट बाजूला सरका. आता एका वूफरची वाट दुसऱ्यापेक्षा सुमारे अकरा सेंटीमीटरने लांबली, म्हणजे जवळजवळ अर्ध्या लहरीने. एकाची लाट येते तेव्हा दुसऱ्याचा खळगा येतो. दोन्ही वूफर चोख काम करत असतात आणि तरी त्या जागी १५०० हर्ट्झचा आवाज पार खाली बसतो. खोलीच्या भिंती-छतावरून परतणारे ध्वनी थोडी भर घालतात, एवढंच.

वूफर-ट्वीटर-वूफर ही रचना जोसेफ डॅपोलिटो यांनी १९८३ मध्ये मांडली, ती उभ्या स्पीकरसाठी. उभ्यात हे खळगे जमिनीकडे आणि छताकडे जातात. तिथे कोणी बसत नाही. आडवं केलं की तेच सोफ्यावर येतात. म्हणून चांगल्या आडव्या स्पीकरमध्ये ट्वीटरच्या खाली मधल्या स्वरांसाठी एक वेगळा छोटा पडदा बसवतात आणि दोन्ही वूफर चारशे-पाचशे हर्ट्झलाच थांबवतात. त्या उंचीवरची लहर सत्तर-ऐंशी सेंटीमीटरची असते. ३० सेंटीमीटरच्या अंतराने तिचं सोफ्यावर फारसं बिघडत नाही. काही जण तर ट्वीटर थेट त्या छोट्या पडद्याच्या मध्यभागीच बसवतात.

माझा स्पीकर साधा, दोन वूफरांचा. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा आठवलं: सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यातून आई दर सिनेमात विचारायची, "काय म्हणाला रे तो?" मी आवाज वाढवायचो. तिचे कान थकलेत असं धरून चाललो होतो. त्या रात्री तिला मध्ये बसवलं आणि मी कोपऱ्यात गेलो. अर्ध्या सिनेमात मीच तिला दोनदा विचारलं.