अंगणातील आमरी



मृग नक्षत्र जवळ आले, की कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या आंब्या-फणसांच्या खोडांवर एक फुलांचा घोस लोंबताना दिसतो. लांबी वीत-दीड वीत. फुले पांढरी, त्यांवर जांभळट गुलाबी ठिपके, आणि सारी इतकी दाट, की कोणी वेणी गुंफून टांगली आहे असे वाटावे. आपल्याकडे हिला सीतेची वेणी म्हणतात. कोठे द्रौपदीची वेणी म्हणतात. दोघीही वनवास भोगलेल्या! नाव ठेवणाऱ्या माणसाने हे फूल रानातच पाहिले असणार. हीच वनस्पती आसामात कपौ फूल म्हणून ओळखली जाते. बिहूच्या नाचात मुली ती अंबाड्यात माळतात, आणि त्या राज्याने तिला आपले राज्यपुष्प मानले आहे.

ही सीतेची वेणी म्हणजे एक ऑर्किड. मराठीत या कुळाला आमरी म्हणतात. जगात आमरीच्या सुमारे २८ हजार जाती आहेत, त्यांतल्या बाराशेंहून अधिक आपल्या देशात. आपल्या भागातील आमरींवर सांतापाव आणि कापडिया यांचा इंग्रजी ग्रंथ १९६६ साली निघाला. तरीही आपल्या घरी यातले काही झाडावर दिसले, की बागेत काम करणारा गडी विचारतो, "मास्तर, ते बांडगूळ काढून टाकू का?" आणि आपण मान डोलावतो.

मी भाषेचा अध्यापक. तेव्हा आधी या शब्दाचीच झडती घेऊ. संस्कृतात 'वन्दा' म्हणजे झाडावर वाढणारे बांडगूळ. हिंदीतला 'बांदा' त्यातूनच आला. १८ व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात राहणारे सर विल्यम जोन्स यांनी झाडावरच्या एका आमरीचे वर्णन करताना हाच शब्द उचलला, आणि 'व्हांडा' हे नाव शास्त्रात कायमचे गेले. म्हणजे बिचारीच्या नावातच आळ आहे. हा आळ खोटा आहे, एवढे आज पटले तरी माझे काम झाले. कारण आमरी घरी जगवायची युक्ती त्यातच आहे.

बांडगूळ आपले मूळ झाडाच्या लाकडात खुपसते आणि त्याचा रस ओढते. आंब्याच्या फांदीवर जिथे ते बसते, तिथे गाठ येते आणि पुढची फांदी वाळत जाते. ते काढलेच पाहिजे. आमरी मात्र सालीला नुसती धरून बसते. तिचे पांढरे, जाडसर मूळ नखाने हलकेच उचलून पाहा; खालची साल जशीच्या तशी असते. तिला झाडाकडून हवी असते ती बसायला जागा. पोटापाण्याची सोय ती स्वतः करते. पावसाचे पाणी खोडावरून ओघळते, त्याबरोबर धूळ, कुजलेला पाला, पाखरांची विष्ठा येते. तेवढ्यावर तिचा संसार चालतो. पाहुणी आहे, पण शिधा स्वतःचा घेऊन आलेली!

आता तिच्या मुळाकडे नीट पाहू. मुळावर स्पंजासारखे पांढरे आवरण असते. पाऊस लागला, की ते आवरण पाणी पिऊन घेते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी संपले, की पुन्हा पांढरे. भिजायचे, वारा खायचा, वाळायचे, पुन्हा भिजायचे, हा या मुळाचा श्वास आहे. हे एकदा ध्यानात आले, म्हणजे आमरी मातीच्या कुंडीत लावून रोज तांब्याभर पाणी घातले तर का मरते, ते सांगावे लागत नाही. मातीत मुळाला वारा मिळत नाही, ते कुजते.

म्हणून पहिला नियम: माती नको. आंब्याच्या किंवा फणसाच्या खरखरीत सालीचा हातभर ओंडका घ्या. पेरूचा घेऊ नका, त्याची साल सुटून पडते आणि आमरीही तिच्याबरोबर पडते. पावसाळ्याच्या तोंडाशी रोप ओंडक्यावर ठेवून सुंभाने किंवा जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीने बांधा. तांब्याची तार वापरू नका, ती मुळांना बाधते. काही महिन्यांत मुळे साल धरतात. सुंभ कुजून गळाले तरी चालते. कुंडीच हवी असेल, तर बाजूंना मोठी भोके असलेली घ्या आणि तीत लोणारी कोळशाचे व विटांचे तुकडे आणि नारळाचे थोडे सोडण भरा. सोडण फार भरले, की पाणी धरून बसते.

दुसरा नियम पाण्याचा. घड्याळ पाहून पाणी घालू नका, मूळ पाहून घाला. मूळ पांढरे दिसले तर पाणी द्या. हिरवे असले तर थांबा. चिमटीत धरल्यावर तपकिरी आणि पोकळ लागले, तर ते कुजले आहे. सुरीचे पाते जाळावर धरून घ्या आणि तेवढे कापून टाका. पाते जाळायचे ते एवढ्यासाठी, की एका रोपाचा रोग सुरीवरून दुसऱ्याला जातो. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने सुकतात. विहिरीचे पाणी मचूळ असेल, तर पागोळीचे पाणी साठवून ते वापरा. देशावर उन्हाळ्यात हवा फार कोरडी होते. तिथे पाण्याच्या रांजणाजवळ, झाडाच्या सावलीत रोप टांगावे आणि खाली ओले गोणपाट ठेवावे.

काही आमरींना विश्रांतीचा काळ असतो, तो ओळखता आला पाहिजे. आपल्या सह्याद्रीतील पांढऱ्या फुलांची एक डेंड्रोबियम पावसाळा सरला, की सगळी पाने टाकते. उरतात त्या नुसत्या बोटाएवढ्या जाड कांड्या. घरातली माणसे म्हणतात, "मेलं वाटतं," आणि उकिरड्यावर टाकतात. खरे तर त्याच उघड्या कांड्यांवर पुढे माघ-फाल्गुनात फुले येतात. त्या काळात पाणी अगदी बेताने, कांड्या सुरकुतू नयेत इतकेच द्यावे.

प्रकाशाचे माप पानांवर पाहावे. भाताच्या रोपासारखा पोपटी रंग असला, तर सारे ठीक. पान गर्द हिरवे झाले, तर उजेड कमी पडतो आणि फूल येत नाही. पिवळे पडून डाग आले, तर ऊन जास्त झाले. खत द्यायचे तर नव्या वाढीच्या दिवसांत, बाजारात मिळणारे विरघळणारे १९:१९:१९ एक लिटर पाण्यात १ ग्रॅमहून जास्त नको. ताजे शेण मुळांना मुळीच लावू नये.

एवढे जमले, की मग घरचे खरे लोक पुढे येतात: मांजर, कोंबड्या, शेळी, मुंग्या आणि गोगलगाई! कोंबड्यांना सोडण उकरायला फार आवडते. शेळीला काय आवडत नाही, ते सांगा! मांजराला तर टांगलेली टोपली आपल्यासाठीच केलेली आहे असे वाटते. यावर उपाय एकच: माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर आणि उडी मारायला आधार नसेल अशा जागी रोप टांगणे. मांजराने किंवा कुत्र्याने पान चावले, तर सामान्यतः रोपाचेच नुकसान होते. घरात लावल्या जाणाऱ्या नेहमीच्या आमरी जनावरांना विषारी नाहीत. विषारी असतात ती आपण त्यांवर मारलेली औषधे.

म्हणून शेतावरचे कीटकनाशक ओटीवरच्या रोपावर मारू नका, असे मी आग्रहाने सांगतो. त्याच ओटीवर मूल रांगते, त्याच ओटीवर मांजर लोळते आणि मग आपले अंग चाटते. गोगलगाईंसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्या तर कुत्र्याच्या जिवावर बेततात. चार पानांसाठी एवढी जोखीम कशाला?

साधे उपाय पुष्कळ आहेत. शेंबड्या गोगलगाई रात्री येतात आणि मुळांची कोवळी टोके व कळ्या खातात. संध्याकाळी कुंडीजवळ ओले गोणपाट किंवा पपईची साल ठेवा. सकाळी तिच्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ रोपावर मात्र पडू देऊ नका. पानामागे कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण किंवा तपकिरी खवले कीड दिसली, तर अंगाच्या साबणाचे पातळ पाणी करून कापसाच्या बोळ्याने पुसून काढा आणि मग साध्या पाण्याने पान धुवा. आठवड्याच्या अंतराने तीनदा केले, म्हणजे नवी निघालेली पिल्लेही जातात. मुंग्या पान खात नाहीत. पण पिठ्या ढेकणाच्या गोड स्रावासाठी त्या त्याला राखतात, जसा गवळी गुरे राखतो. तेव्हा मुंग्यांची रांग दिसली, की ढेकूण शोधा. कुंडीतच वारूळ झाले असेल, तर ती अर्धा तास बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. पुढे मुंग्या चढू नयेत म्हणून, दुधाचे भांडे आपण पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तीच युक्ती कुंडीलाही चालते. मात्र कुंडी परातीत विटेवर ठेवावी, तिचे बूड पाण्याला लागू नये.

घरातल्या आणखी दोन गोष्टी. ज्या खोलीत आंब्याची आढी घातली असेल, तिथे कळ्या आलेली आमरी ठेवू नका. पिकत्या फळांतून एक वायू निघतो, त्याने कळ्या पिवळ्या होऊन गळतात. आणि लग्नकार्याला आठ दिवस गावी जायचे असेल, तर शेजारच्या काकूंना "रोज पाणी घाला" असे सांगून जाऊ नका. "दोन दिवसांनी एकदा, तेही मूळ पांढरे असेल तरच," असे सांगा. आमरी तहानेपेक्षा मायेने जास्त मरते!

आता सर्वांत महत्त्वाचे: रोप आणायचे कोठून? जंगलातून नव्हे. आमरीच्या एका बोंडात लाखो बिया असतात, धुळीसारख्या बारीक. पण बीमध्ये अंकुराला पुरेल असा शिधाच नसतो. एका विशिष्ट बुरशीची गाठ पडली, तरच ते बी रुजते. ही गोष्ट नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली शोधून काढली. लाखांतले एखादे बी रुजते आणि त्याला पहिले फूल यायला कित्येक वर्षे लागतात. घाटात रस्त्याकडेला कोणी गोणीभर आमरी उपटून विकायला बसला, तर त्या गोणीत एका रानाची अशी कित्येक वर्षे भरलेली असतात. आणि विकत घेतलेल्यांपैकी बहुतेक मातीच्या कुंडीत जाऊन पावसाळ्याच्या आत कुजतात.

राखीव जंगलातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली वनस्पतींचे प्रकरण घातले गेले, तेव्हा निळी व्हांडा, लाल व्हांडा अशा आमरींना त्यात संरक्षण मिळाले. परदेशी व्यापाराचे नियमन करणाऱ्या ज्या करारात भारत १९७६ साली सामील झाला, त्याच्या याद्यांत तर सारे आमरी कुल येते. आणि रान लुटायची गरजही उरलेली नाही. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या खळीवर, बुरशीवाचून, बी रुजवून दाखविले. आज रोपवाटिकांत मिळणारी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिसची रोपे प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढलेली असतात. सिक्कीममध्ये पाक्योंग येथे १९९६ पासून आमरींसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्रही आहे. तेव्हा रोप घ्यायचे ते रोपवाटिकेतून. वादळाने आपल्या बागेतील फांदी मोडून आमरी खाली पडली असेल, तर तीही जमिनीवर सडू न देता दुसऱ्या झाडावर बांधावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शाळेच्या आवारात आंबा असला, तर त्यावर एक आमरी बांधा. मुलांना कोरडे मूळ दाखवा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि पांढऱ्याचे हिरवे होताना पाहू द्या. फूल आले, की बारीक काडीचे टोक फुलाच्या मधल्या दांड्याला हलकेच लावा. परागांच्या पिवळ्या गोळ्या काडीला चिकटून येतील. मधमाशीच्या अंगाला त्या अशाच चिकटतात आणि दुसऱ्या फुलावर पोचतात. मग मुलांना बागेत न्या, एका फांदीवरचे बांडगूळ आणि दुसऱ्या फांदीवरची आमरी शेजारी शेजारी दाखवा, आणि विचारा: यातले कोण झाडाचे खाते, आणि कोण नुसते झाडापाशी राहते?

हा फरक ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिला, ते मूल घरी जाऊन वडिलांना सांगेल. पुढच्या वर्षी बागेची साफसफाई निघेल, कोयता झाडावर चढेल, तेव्हा बांडगूळ तेवढे खाली येईल आणि सीतेची वेणी आपल्या जागी राहील.