चौकटींमधली भीती

न्यूयॉर्कचे सॅक्सोफोनवादक जॉन झॉर्न यांच्या ‘नेकेड सिटी’ या १९९० च्या अल्बमवर रस्त्यात पडलेल्या मृतदेहाचे, वीजी यांनी टिपलेले छायाचित्र आहे. आत जपानी भयचित्रकथाकार सुएहिरो मारुओ यांची चित्रे. हा निव्वळ धक्कातंत्राचा सोस, असे कुणी म्हणेल. मला मात्र भयचित्रकथा आणि हे संगीत या दोन्ही कलांची घडणच सारखी वाटते. चित्रकथेत एका चौकटीत दार किलकिले होते, पुढच्या चौकटीत किंकाळी. मधली भीती वाचक स्वतः रचतो. ‘स्नॅगलपस’ ही सव्वादोन मिनिटांची रचना ऐका. जाझ, ब्लूज, कर्कश रॉक काही सेकंदांत एकमेकांना ढकलून देतात आणि सांधा आपल्याला भरावा लागतो. कार्टूनपटांचे संगीतकार कार्ल स्टॉलिंग झॉर्न यांना गुरुस्थानी. स्टॉलिंग यांच्या संगीतातल्या उड्या इथे चित्राविना आल्या आहेत.

हा गोंगाट आहे, हा आक्षेप टिकत नाही. बिल फ्रिझेल, फ्रेड फ्रिथ, जोई बॅरन यांच्यासारखे वादक प्रत्येक वळण काटेकोर घेतात, आणि त्याच अल्बममध्ये जाझ संगीतकार ऑर्नेट कोलमन यांची ‘लोनली वुमन’ही आहे. दुसरा आक्षेप जड आहे. ‘नेकेड सिटी’ हेच नाव असलेल्या या वाद्यवृंदाच्या पुढच्या अल्बमांवरील छळाच्या चित्रांना आशियाई-अमेरिकन संघटनांनी विरोध केला. ‘लेंग चे’वर तर चीनमधल्या खऱ्या देहदंडाचे छायाचित्र होते. हा विरोध मला रास्त वाटतो. चितारलेली भीती कल्पनेला जागा देते; खऱ्या माणसाच्या यातना मुखपृष्ठावर लावण्याचा हक्क कुठल्याही संगीताला नाही.