फ्लॅशचा उजेड आणि आपल्या माणसांचे चेहरे

लग्नाचा अल्बम घरी आला की सगळे आधी नवरीचा फोटो शोधतात. आणि पुष्कळदा हिरमोड होतो. पांढरी शुभ्र साडी म्हणजे नुसता पांढरा डाग, काठ नाही की चुणी नाही. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर तेलकट चकाकी. मागच्या भिंतीवर दोघांच्या काळ्याकुट्ट सावल्या. आणि ज्यांच्या साक्षीने लग्न लागले त्या भगवान बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या काचेत फ्लॅशचा पांढरा गोळा! तक्रार केली की फोटोग्राफर म्हणतो, "काळजी करू नका, कॉम्प्युटरवर चेहरा गोरा करून देतो." तसा करूनही देतो. मग आईलाच लेक ओळखू येत नाही.

दोष मुलीच्या सावळ्या रंगाचा नसतो, उजेडाचा असतो. पण तो रंगावर ढकलायची सवय जुनी आहे, आणि ती फक्त आपल्याकडची नाही. १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी रंगीत फोटो धुणाऱ्या लॅबना नमुन्याचे एक कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी बरोबर उतरली की रंग बरोबर, असे माप. काळ्या-सावळ्या माणसांचे काय होईल याचा विचार त्या मापात नव्हता. कॅनडाच्या संशोधक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लेख लिहिला. फिल्म सुधारली ती काळ्या लोकांच्या तक्रारींमुळे नव्हे, तर लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी आपल्या मालाच्या छटा नीट येत नाहीत अशी कुरकुर केल्यामुळे, असे कोडॅकच्या जुन्या माणसांनीच त्यांना सांगितले. असो. आज कॅमेरे डिजिटल आहेत आणि सावळा रंग उत्तम टिपतात. उजेड मात्र आपल्यालाच नीट द्यावा लागतो, आणि त्याला फार पैसे लागत नाहीत.

ही गोष्ट पेण तालुक्यातल्या जोहे-हमरापूर भागातल्या माणसाला चटकन पटेल. हा भाग गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. श्रद्धेचा प्रश्न इथे बाजूला ठेवू, तिथल्या कित्येक घरांची चूल त्या कामावर पेटते. रंग न दिलेली प्लॅस्टरची कच्ची मूर्ती पांढरीफेक असते. रात्री दिवे घालवून तिच्यावर जवळून साधी बॅटरी मारा. सोंडेची सावली पोटावर सुरीने कापल्यासारखी पडते. आता तीच बॅटरी मूर्तीकडे न धरता शेजारी टांगलेल्या पांढऱ्या चादरीवर मारा. सावलीची कड विरघळते, गालाची गोलाई दिसू लागते. बॅटरी तीच, सेल तेच. फरक एवढाच की आधी उजेड रुपयाएवढ्या काचेतून येत होता, आता चादरीएवढ्या जागेतून येतो. उजेड जेवढ्या मोठ्या जागेतून आणि जेवढा जवळून येईल तेवढा मऊ. फ्लॅशचे सगळे शास्त्र या एका वाक्यात आले.

म्हणूनच फ्लॅशवर बसवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीवर फार विसंबू नये. पांढऱ्या भिंतींच्या खोलीत ती उपयोगी पडते, कारण उजेड चारी भिंतींवर आपटून परत येतो. मोकळ्या मांडवात तो परत येणार कुठून? अर्धा आभाळात जातो आणि सेल लवकर संपतात. फ्लॅशचे तोंड छताकडे करावे असेही पुस्तकात असते. पण पेण-रोह्याकडच्या वाडीत वर काळपट कौले असतात, नाहीतर मांडवाचे रंगीत कापड. लाल-पिवळ्या कापडावरून परतलेला उजेड नवरा-नवरीला हळदीपेक्षाही पिवळे करून सोडतो.

त्यापेक्षा मांडवाच्या एका बाजूला दोन बांबूंवर पांढरी सुती चादर ताणून बांधा आणि कॅमेऱ्यावरच्याच फ्लॅशचे तोंड तिच्याकडे वळवा. वेगळा स्टँड नको, ट्रिगर नको. चादरीऐवजी जुन्या फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असेल तर तीही चालते, आणि फ्लेक्सची आपल्या वाड्यांत कधी टंचाई नसते. (महापुरुषांचे चित्र असलेला फ्लेक्स मात्र या कामाला घेऊ नये.) हातात चारशे-पाचशे रुपये असतील तर पांढरी पारदर्शक छत्री घ्या आणि भाच्याच्या हातात फ्लॅशसकट द्या. त्यासाठी ट्रिगर लागेल, पण तो एकदा घेतला की वर्षानुवर्षे चालतो.

एक इशारा. व्हिडिओसाठी लावतात त्या हॅलोजनवर कापड किंवा कागद कधीही टाकू नका. तो दिवा भयंकर तापतो. मांडव पेटायला वेळ लागत नाही.

दुपारचे लग्न असेल तर फ्लॅश बंदच ठेवलेला बरा. वधू-वरांना मांडवाच्या कडेला, उन्हात नव्हे पण उघड्या उजेडाकडे तोंड करून उभे करा. फुकटचा एवढा चांगला उजेड कुठल्याही स्टुडिओत मिळत नाही.

आता पांढऱ्या साडीविषयी, कारण खरी परीक्षा तिथेच असते. ऑटोवरचा फ्लॅश समोर खूप पांढरे पाहिले की उजेड आखडता घेतो आणि चेहरे काळवंडतात. पाठीमागे अंधार असला की उलट जास्त उजेड टाकतो आणि साडी जळून जाते. म्हणून फ्लॅश मॅन्युअलवर घ्या. पाव ताकदीपासून सुरुवात करा, आयएसओ ८०० ते १६००, शटर १/६०. शटर एवढे हळू ठेवले की टेबलावरच्या मेणबत्त्यांचा उजेडही फोटोत उरतो. साडीची चुणी दिसेल इतपतच उजेड ठेवा. चेहरा मऊ उजेडात असला की तो आपोआप उठून दिसतो. साडीला टिनोपॉल जास्त दिले असेल तर ती फ्लॅशखाली कधी कधी निळसर येते, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

नातेवाइकांच्या ग्रुप फोटोला चादर लांब न्या. उजेडापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. चादर अगदी कडेला जवळ असेल तर पहिली मावशी पांढरी आणि शेवटचे काका काळे, मग वर्षभर बोलणी खावी लागतात. लांब नेल्यावर दोघांच्या अंतरातला फरक कमी पडतो आणि रांग सारखी दिसते. उजेड मात्र सगळ्यांवरच कमी पडेल, तेव्हा फ्लॅशची ताकद वाढवा.

राहिल्या तसबिरी. कॅरमचा स्ट्रायकर ज्या कोनात कडेला लागतो त्याच कोनात परत फिरतो, तसाच काचेवरचा उजेड. फ्लॅश समोरून मारला तर तो कॅमेऱ्यातच परत येणार. बाजूच्या चादरीवरून आलेला उजेड दुसऱ्या बाजूला निघून जातो. तरी चमक दिसलीच तर तसबिरीच्या वरच्या कडेमागे काडेपेटी सरकवून ती जराशी पुढे झुकवा. हे काम आदल्या संध्याकाळी टेबल मांडतानाच करून घ्या. दुसऱ्या दिवशी त्रिसरण-पंचशील सुरू झाल्यावर तसबिरीला हात लावायला कोणी देणार नाही.