जेट्स गेली, जेट्स आली!

कॅनडातलं विनिपेग शहर थंडीसाठी बदनाम आहे. हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत सहज घसरतो. आईस हॉकीचं वेड मात्र तिथे बाराही महिने उकळत असतं. या शहराची लाडकी टीम म्हणजे 'विनिपेग जेट्स'. तिची गोष्ट एखाद्या वेब सीरिजला पुरेल इतक्या वळणांची आहे.

१० लाखांचा चेक

१९७२ मध्ये 'वर्ल्ड हॉकी असोसिएशन' ही नवी लीग सुरू झाली. समोर होती वर्षानुवर्षं जम बसवलेली नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल. तिला टक्कर द्यायची तर मोठं नाव हवं! जेट्सनं थेट शिकागोचा सुपरस्टार बॉबी हल पळवला. पोर्टेज आणि मेन या रस्त्यांच्या नाक्यावर, भर गर्दीत त्याला १० लाख डॉलरचा अवाढव्य चेक दिला गेला.

१९७४ मध्ये स्वीडनहून अँडर्स हेडबर्ग आणि उल्फ निल्सन आले. युरोपियन प्लेअर इथल्या धक्काबुक्कीत टिकणार नाहीत, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. या दोघांची हलशी अशी काही गट्टी जमली की बोलणाऱ्यांची तोंडंच बंद झाली. जानेवारी १९७८ मध्ये जेट्सनं बलाढ्य सोव्हिएत नॅशनल टीमलाही ५-३ असं लोळवलं. लीगचा अ‍ॅव्को कप तर तीनदा जिंकला.

डॉलरनं केला घात

१९७९ मध्ये ही लीग गुंडाळली गेली आणि जेट्स एनएचएलमध्ये आली. पण तिथे जाताना बरेचसे चांगले प्लेअर हातचे गेले होते. १९८०-८१ च्या सीझनमध्ये ८० पैकी फक्त ९ मॅच जिंकल्या. सलग ३० मॅच विजयाचं तोंडही दिसलं नाही! पुढे डेल हावरचकनं टीम सावरली. १९८७ च्या प्लेऑफपासून प्रेक्षक नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत येऊ लागले. हाच तो फेमस 'व्हाइट आऊट'.

खरा प्रॉब्लेम होता पैशांचा. तिकिटांचे पैसे यायचे कॅनेडियन डॉलरमध्ये, पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. कॅनेडियन डॉलर घसरला की टीम आणखी खड्ड्यात. १९९५ मध्ये टीम वाचवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले, चिमुकल्यांनी गल्ले फोडून पैसे दिले. तरीही १९९६ मध्ये टीम अमेरिकेत फिनिक्सला गेली आणि 'कोयोटीज' झाली.

१७ मिनिटांत हाऊसफुल्ल

पंधरा वर्षांनी चाक उलटं फिरलं. २०११ मध्ये अटलांटाची 'थ्रॅशर्स' ही टीम विकत घेऊन विनिपेगला आणली गेली. नाव? अर्थात जेट्स! अट एकच होती, १३ हजार सीझन तिकिटं खपली पाहिजेत. सर्वांसाठी विक्री खुली झाल्यावर उरलेली तिकिटं १७ मिनिटांत संपली.

यातली गंमत बघा. नाव तेच, शहर तेच, पण हावरचकचे गोल तेव्हा लीगच्या वहीत फिनिक्सच्या खात्यावर होते. नव्या जेट्सच्या खात्यावर होता अटलांटाचा इतिहास! विनिपेगकरांनी असल्या हिशेबाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्यासाठी त्यांची टीम घरी आली होती.

गोष्ट इथे संपत नाही. कोविडनंतर सीझन तिकिटं साडेनऊ हजारांच्या आसपास घसरली आणि शहराच्या पोटात पुन्हा गोळा आला. तिकडे कोयोटीजनं २०२४ मध्ये वाळवंट सोडून सॉल्ट लेक सिटी गाठली. जेट्सनं मात्र २०२४-२५ मध्ये साखळी फेरीत लीगमध्ये अव्वल येत प्रेसिडेंट्स ट्रॉफी पटकावली. स्टॅनली कप अजून बाकी आहे.

टीमवर प्रेम असणं आणि ती शहरात टिकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे विनिपेगला एकदा टीम गमावून कळलंय. म्हणून तिथे सीझन तिकीट काढणं ही नुसती हौस उरलेली नाही. टीमला 'थांब' म्हणायची ती त्यांची पद्धत आहे.